शुक्रवारची पोरं

मी परदेशी सेवेला निघालो त्या दिवशी माझी बस मला न घेताच निघून गेली, आणि चूक बसची नव्हती.

कोल्हापूरच्या बसस्थानकासमोरच्या रस्त्यावर दुपारी तीनची मुंबईची खासगी बस उभी होती. बॅगा डिकीत गेल्या होत्या, खांद्यावरची पिशवी सीटवर जाऊन बसली होती. निरोपाला आमच्या चर्चच्या मंडळीतली चाळीसेक माणसं आली होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तसे पाळकसाहेब म्हणाले, दोन शब्दांत प्रार्थना करा आणि बसा. दोन शब्दांत आटपेल तो मी कसला? प्रवासासाठी मागितलं, स्त्रीमंडळासाठी मागितलं, गायकमंडळासाठी मागितलं, तरुण संघातल्या एकेका पोराचं नाव घेऊन मागितलं, जोसेफकाकांच्या उजव्या गुडघ्यासाठी मागितलं, मग डाव्याला वाईट वाटू नये म्हणून त्याच्यासाठीही. आमेन म्हणून डोळे उघडले तर समोर बस नव्हती. बसच्या जागी एक कुत्रं पाय चाटत बसलं होतं. चाळीस माणसांतल्या एकानंही मध्ये डोळे उघडले नाहीत, याचा पाळकसाहेबांना आजही अभिमान आहे.

मेव्हणा विल्सननं मोटरसायकल काढली. मी मागं बसलो आणि आमच्या दोघांच्या मध्ये अकरा वर्षांचा माझा मुलगा अभि घुसला. बस शिरोली नाक्यावर सापडली. ड्रायव्हर म्हणाला, "दोनदा हॉर्न मारला की मी. म्हटलं, ह्यांचं देव ऐकायलाय, आपण कशाला मधी पडा." अभि इतका हसला की त्याला उचकी लागली. बस पुन्हा हलत होती म्हणून मी तसाच चढलो. तो उचक्या देत हात हलवत राहिला. निरोप म्हणून जे काही असतं ते घ्यायचं राहूनच गेलं. आणि साताऱ्याच्या पुढं कुठंतरी लक्षात आलं, की जोसेफकाकांचे दोन्ही गुडघे झाले, पण एवढ्या मोठ्या प्रार्थनेत अभिचं नाव मी घेतलंच नव्हतं.

मुंबईला पोचल्या पोचल्या मी पाळकसाहेबांना पत्र लिहिलं: मी इकडं नसेन, तर दर रविवारी उपासनेत अभिचं नाव घेऊन प्रार्थना करावी. पत्र टाकलं आणि मनाला बरं वाटलं. चूक सुधारल्यावर वाटतं तसं.

आता मी कोण आणि कुठं निघालो होतो, ते सांगतो. मी शाळेत चित्रकलेचा मास्तर. त्याच्याबरोबर तेरा वर्षं आमच्या चर्चचा तरुण संघ चालवला: शिबिरं, नाटकं, नाताळची गाणी, पोरांची भांडणं. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका मासेमारीच्या गावातल्या चर्चनं आमच्या मंडळीला लिहिलं, की आमची दहावी-बारावीच्या वयाची पोरं चर्चकडं फिरकत नाहीत, तुमच्याकडं कुणी असेल तर द्या. आमच्या गल्लीत शुभवर्तमान घेऊन गोरी माणसं आली त्याला पिढ्या झाल्या. आता त्यांच्या पोरांना तेच सांगायला कोल्हापूरचा मास्तर मागवला होता. तरुणांच्या सेवेसाठी मंडळीनं निवडलेला तरुण बेचाळीस वर्षांचा, चष्मा लावणारा आणि जिना चढताना कठडा धरणारा होता. दोन वर्षांसाठी जायचं ठरलं. बायको शोभा नर्स. तिची नोकरी, तिच्या आईचं आजारपण आणि अभिची शाळा यांमुळं ती दोघं मागं राहिली. दोनाची चार वर्षं झाली.

तिथला पहिला शुक्रवार मला नीट आठवतो. शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये पोरांनी यायचं, असा बेत. मी वीस खुर्च्या मांडल्या. तीन पोरं आली. त्यातला एक फोन चार्ज करायला आला होता. मी गिटार काढली, एक इंग्रजी गीत म्हटलं, आणि तिघं एखाद्या अपघाताकडं बघावं तशी माझ्याकडं बघत राहिली. फोनवाला मुलगा म्हणाला, टोस्ट मिळेल का? त्या शुक्रवारपासून आमच्या सेवेचा पाया टोस्टवर घातला गेला.

त्या मुलाचं नाव जेमी. पंधरा वर्षांचा, लालसर केसांचा, एका वाक्यात चार शब्द बोलणारा. महिनाभर दर शुक्रवारी आला आणि मग दोन शुक्रवार आलाच नाही. आता आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. सुट्टीच्या दिवशी ते मलकापूर-शाहूवाडीकडच्या वाड्या-वस्त्यांवर चालत जायचे, चार घरं ख्रिस्ती असतील त्यांना भेटायला. ते म्हणायचे, "रविवारी जो दिसला न्हाय, त्याला सोमवारी आपुन दिसायचं." हाक मारायची आणि आत जायचं. चुलीपाशी बसायचं, असेल ते खायचं, मग विचारायचं काय झालं. तरुण संघ मी असाच चालवला. न येणाऱ्या पोराची आई मला दारात बघून "आला का तुमचा मास्तर" म्हणत भाकरी टाकायला घ्यायची.

तर सोमवारी मी तांबडा रस्सा केला, स्टीलच्या डब्यात भरला आणि जेमीच्या घरी गेलो. त्याच्या आईनं दार उघडलं. मी सांगितलं, जेमी दोन शुक्रवार दिसला नाही, म्हणून आलो. दारात बूट काढले आणि मोज्यांनिशी सरळ स्वयंपाकघरात गेलो, डबा गरम करायला. बाई दार धरून उभ्याच. जेमी पायजम्यात जिन्यावरून खाली आला, त्यानं मला त्यांच्या शेगडीसमोर बघितलं आणि तो आला तसा वर गेला. पाच मिनिटांनी बाईंनी हसूनच मला दार दाखवलं, आणि बूट घालताना मला फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी मार्गारेटबाईंनी चहाला बोलावलं. या निवृत्त ग्रंथपाल. चर्चमधल्या मुलांच्या सुरक्षिततेचं काम त्यांच्याकडं. बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चहा दिला, बिस्किट दिलं आणि म्हणाल्या, तुमचा हेतू चांगला होता यात मला शंका नाही. पण नियम चांगल्या हेतूच्या माणसांनाही असतात. मग दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. मुलाबरोबर एकटं बसायचं नाही. दार सताड उघडं. पाठीवर हात नाही, खांद्यावर हात नाही. पालकांच्या परवानगीशिवाय घरी जायचं नाही. आत येऊ का, आत्ता सोयीचं आहे का, असं विचारायचं. समोरासमोर न बसता जरा तिरकं बसायचं, म्हणजे मुलावर दडपण येत नाही. प्रश्नांचा भडिमार नको. आणि मुलानं काही अवघड सांगितलं तर म्हणायचं, "हे मला सांगितलंस, त्याबद्दल धन्यवाद." हे वाक्य मी आरशासमोर पाठ केलं. मला सुरुवातीला हसू यायचं. पण त्या दोन दिवसांत मोठ्यांवर विश्वास टाकून फसलेल्या पोरांच्या गोष्टी ऐकल्या आणि हसू थांबलं. नियम उगीच झाले नव्हते. मी मनापासून शिकलो.

पुढच्या शुक्रवारी जेमी आला. माझ्याकडं न बघता त्यानं माझा डबा टेबलावर ठेवला. घासून लख्ख केलेला, आणि आत त्याच्या आईनं केलेले चार गोड पाव. डबा रिकामा परत द्यायचा नसतो, हे त्या बाईंना कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक.

तिरकं बसण्यात मी तरबेज झालो. तिसऱ्या वर्षी शुक्रवारी पंधरा-अठरा पोरं यायला लागली. त्यांच्यात बसून मी कमी बोलायचो, टोस्टला लोणी लावत राहायचो, आणि ती बोलायची. जेमीही बोलला. त्याचा बाप समुद्रात खोल गेलेल्या तेलाच्या विहिरीवर कामाला. काही आठवडे तिकडं, काही घरी. जेमी म्हणाला, तो येतो, शाळा कशी चाललीय विचारतो, मी बरी म्हणतो, तो परत जातो. मी मान हलवली आणि सांगितल्याबद्दल धन्यवाद दिले. इतकं नीट ऐकलं, इतकं नीट, की हे कुणाविषयी चाललंय ते माझ्या लक्षातच आलं नाही.

साडेआठला पोरांना न्यायला गाड्या यायच्या. मी खुर्च्या एकावर एक रचायचो, पाव-चुरा झाडायचो आणि उरलेला टोस्ट घेऊन वर जायचो. हॉलच्या वरच्या दोन खोल्या माझ्या. एक ताट, एक वाटी, एक खिडकी, खिडकीत एक समुद्रपक्षी, तो माझ्याकडं कायम नापसंतीनं बघायचा. हिवाळ्यात तिकडं दुपारी चारला अंधार पडतो आणि माणसाला जेवायची घाई होते, म्हणजे दिवस संपवता येतो. मराठी आठवड्यातून वीस मिनिटं, रविवारी, फोनवर. एरवी मी किटलीशी बोलायचो. तापायला वेळ लावला की म्हणायचो, "व्हय की गं बाई, आता कुटं घाई हाय." आठवडाभर कुणी अहो म्हणत नाही, कुणी खेकसत नाही, कुणी "उठा, पाय वर घ्या, केर काढायचाय" म्हणत नाही. सगळे फार सभ्य. सभ्य माणसांत माणूस किती एकटा पडतो, हे कोल्हापूर सोडल्याशिवाय कळत नाही. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे निघून गेलेत, दुबईत असोत नाहीतर न्यू झीलंडमध्ये, ते आत्ता मान हलवत असतील. घरच्या पत्रात मात्र आपण सगळेच लिहितो, मजेत आहे.

रविवारच्या वीस मिनिटांतली दोन अभिची. पहिल्या वर्षी तो फोन सोडायचा नाही. फुटबॉलचा अख्खा सामना हातवारे करून सांगायचा. मग आवाज फुटला, मिसरूड फुटलं, आणि उत्तरं तीनवर आली: बरं हाय, जेवलो, देतो आईकडं. फोनच्या पडद्यासमोर तिरकं बसता येत नाही. बसून बघितलं, शोभा म्हणाली, तुमचा अर्धाच कान दिसायलाय.

गेल्या मे महिन्यात तीन आठवड्यांच्या रजेवर घरी आलो तेव्हा पिशवीत एक कागद होता. चर्चला मी आणखी चार वर्षं हवा होतो. जूनअखेर हो किंवा नाही कळवायचं. शोभाला मी आधीच सांगितलं होतं. ती म्हणाली होती, या आधी, बघा, मग ठरवा. काय बघायचं ते तिनं सांगितलं नव्हतं.

अभि माझ्यापेक्षा चार बोटं उंच झाला होता. स्टेशनवर त्यानं माझी बॅग घेतली, आणि मी त्याच्याशी हात मिळवला. होय, हात मिळवला. शोभानं बघितलं आणि ती रिक्षा ठरवायला वळली.

तिसऱ्या दिवशी तो आतल्या खोलीत कॉटवर पडला होता. मी उघड्या दारावर टकटक केली. विचारलं, मी आत येऊ का, आत्ता सोयीचं आहे का. तो उठून बसला. मी दार सताड उघडं केलं, खुर्ची हातभर अंतरावर तिरकी ठेवली, गुडघ्यांवर हात ठेवले आणि वाट बघत बसलो. प्रशिक्षणात शिकवलं होतं तसंच, तंतोतंत. पंखा फिरत होता.

"पप्पा," तो म्हणाला, "हे तुम्ही तिकडच्या पोरांसंगं करता ते हाय न्हवं?"

मी व्हय म्हटलं.

"मग माझ्यासंगं काय करायचं, ते ठावं हाय का?"

माणूस गडबडला की तोंडातून जे पाठ असतं तेच येतं. मी म्हणालो, "हे मला सांगितलंस, त्याबद्दल धन्यवाद."

मग त्यानं बूट हातात घेतले, माझ्या खुर्चीला वळसा घातला आणि दारातून म्हणाला, "येतो पावणं." कोल्हापुरात ओळख नसलेल्या माणसालाही पावणं म्हणतात, त्यात राग नसतो. त्याच्या आवाजातही नव्हता. तेच लागलं.

रविवारी तो उपासनेला आला नाही. शोभा म्हणाली, सहा महिने झाले येत न्हाय. फोनवर सांगून तिथनं तुम्ही काय करणार हुता? चर्चमध्ये पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणं अभिचं नाव घेऊन प्रार्थना केली. मी डोळे मिटले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थनेत मला अवघडल्यासारखं झालं.

सोमवारी सकाळी मी कुणाला न विचारता मैदानावर गेलो. अभि एका तालमीच्या पोरांच्या फुटबॉल संघाकडून डाव्या बाजूला खेळतो; आमच्याकडं कुस्तीच्या तालमींचेच फुटबॉल संघ असतात. पायऱ्यांवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, टोपी मांडीवर. कोल्हापुरात फुटबॉल बघताना कुणी गप्प बसत नाही. त्यांनी मला विचारण्याआधीच सगळा संघ समजावून सांगितला. म्हणाले, "ते डावीकडचं पोरगं गुणाचं हाय. पर बॉल मागतच न्हाय. मोकळं हुबं ऱ्हातंय, आन् हाक मारत न्हाय कुणाला. तुमचं कोण हाय ह्यात?"

मी म्हटलं, तेच.

त्यांनी टोपी घातली आणि जरा सरकून मला जागा दिली.

खेळ संपल्यावर अभि आला आणि माझ्या एक पायरी खाली, माझ्याकडं पाठ करून बसला. बुटाच्या नाड्या सोडायला लागला. मी काही विचारलं नाही. या वेळी ते कौशल्य नव्हतं, भीती होती. नाड्या सोडून झाल्यावर तो पाठमोराच म्हणाला, "चर्चमदी मला समदी तुमचं इचारत्यात. पप्पा कसं हायत, किती पोरं जमवली. माझं कोण इचारत न्हाय. आन् दर रविवारी पाळकसाहेब माझं नाव घेत्यात. मी आजारी न्हाय, माझा वाढदिवस न्हाय. समदी डोळं मिटून माझ्याकडं बघत्यात, पप्पा. चार वरीस."

धन्यवाद हा शब्द ओठांवर आला होता. मी तो गिळला.

"मीच पत्र लिवलंतं त्यांना," मी म्हणालो.

तो वळला. "कशापायी?"

"निघताना तुझं नाव घ्यायचं इसरलो हुतो. एवढ्या लोकांचं घेतलं, आन् तुझंच ऱ्हायलं."

"एवढंच व्हय?"

"एवढंच."

त्याला हसू येईल असं मला वाटलं, आलं नाही. तो म्हणाला, मग थांबवा की ते. मी तिथूनच पाळकसाहेबांना फोन लावला. ते दुखावले. म्हणाले, प्रार्थना बंद करायची सूचना मी मंडळीला कोणत्या तोंडानं देऊ? मी म्हटलं, साहेब, सूचना देऊच नका. नुसतं नाव घेऊ नका, आणि तो दिसला तर त्याला सामन्याचं विचारा. पाळकसाहेबांनी विचारलं, कुठल्या सामन्याचं? अभिनं फोनमधून ते ऐकलं आणि तो मातीत थुंकला, पण रागानं नाही, खेळाडू थुंकतात तसा.

घरी परतताना चालता चालता त्यानं विचारलं, त्या कागदावर सही करणार हाय का. मी म्हटलं, ठरलं नाही. तो म्हणाला, "मी ऱ्हावा म्हणणार न्हाय. तुमचं तुमी ठरवा. मागनं माझ्यावर येऊ ने." आणि घामानं चिंब झालेली पिशवी माझ्या हातात देऊन तो पुढं निघाला. पोटरीला माती लागलेली, चाल थेट दादांची. मी त्याच्या मागून चालत राहिलो. पुढं गेलो नाही, हाकही मारली नाही. उरलेल्या दिवसांत आम्ही फार काही बोललो असं नाही. एकदा त्यानं मला त्याचे बूट धुवायला सांगितले. मी ते दोनदा धुतले.

मग रजा संपली आणि मी परत तिकडं गेलो. पहिल्या शुक्रवारी पोरांनी टोस्ट मागितला, जेमीनं विचारलं मुलगा कसा आहे, आणि मी त्याला चार शब्दांत सांगितलं. त्यानं मान हलवली. तो आता एकोणीसचा आहे. त्याला विचारायची पद्धत चांगली कळते.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मार्गारेटबाईंना द्यायला मी पत्र लिहिलं. नाही म्हणायचं होतं. पण आमच्याकडं सेवेला जायला जसं देवाचं मार्गदर्शन लागतं, तसं परत यायलाही लागतं, निदान मला तसं वाटत होतं. पत्र तीन पानं झालं. त्यात अभिची दहावी होती, शोभाच्या रात्रपाळ्या होत्या, सासूबाईंचं आजारपण होतं, कोल्हापूरच्या तरुण संघाची गरज होती, आणि दोन वचनं होती, अध्याय-ओवीसकट. लिहिताना एकेक कारण मला पटत होतं आणि सगळी मिळून पटत नव्हती. शेवटी रविवारी फोनवर ते शोभाला वाचून दाखवलं. ती इस्त्री करत होती. मध्ये मध्ये कापडावरून पाण्याचा चुर्र आवाज यायचा. मागं अभि काहीतरी म्हणाला, ते मला कळलं नाही.

मी विचारलं, कसं वाटतं? यात काही खोटं आहे का?

"खोटं काय न्हाय," शोभा म्हणाली. "पर ते समदं काढून टाका. तिकडं एकटं वाटतंय म्हणून घरी चाललोय, तेवढंच लिवा. त्यात लाजायचं काय हाय?"